दाखवायची चूल

आमच्या घरात लिहितावाचता येणारी मी एकटीच होते. त्यामुळे बाबांचं दिवाळं निघाल्याची बातमी सगळ्यांत आधी मला कळली, आणि ती मीच सगळ्यांना वाचून दाखवली. माय ओसरीवर मेथीच्या जुड्या बांधत होती. मोठी माय, म्हणजे माझी चुलती, तिच्याशेजारी किडकी वांगी बाजूला काढत होती. मोठे बाबा, माझ्या बाबांचे थोरले भाऊ, खांबाला टेकून सुपारी कातरत बसले होते. पत्र आफ्रिकेहून आलेलं, पातळ निळसर कागदाचं. “कोर्टाने मला इकडे दिवाळखोर ठरविले आहे, तरी काळजी करू नये,” हे वाक्य मी शाळेतला धडा वाचावा तसं खणखणीत आवाजात, स्वल्पविरामापाशी रीतसर थांबून वाचलं. गुरुजींनी ऐकलं असतं तर शाबासकी दिली असती. अडकित्त्याचा आवाज तेवढा थांबला. मग मोठी माय म्हणाली, “पुढं वाच व.” मी पुढं वाचलं. पुढं लिहिलं होतं की इकडे पाऊस बरा आहे आणि कच्ची केळी उकडून खाण्याची सवय झाली आहे.

बाबा मळ्यातले माणूस नव्हतेच कधी. देऊळघाटला पैनगंगेच्या अंगाला आमचा मळा होता, त्यात बारमाही पाण्याची विहीर. मोठे बाबा आणि त्यांचा मुलगा नामदेव मोट हाकायचे, आम्ही बायका भाजी खुडायचो, आणि बाजाराच्या दिवशी पाट्या डोक्यावर घेऊन बुलढाण्याची वाट धरायचो. बाबांचा जीव लोखंडात. खामगावला एका कच्छी शेठच्या जिनात, जिथं कापसातली सरकी काढतात तिथं, ते फिटर होते. महिन्यातून एकदा यायचे तेव्हा अंगाला वंगणाचा वास असायचा आणि मला तो गुलाबपाण्यासारखा वाटायचा. त्या शेठच्या भावानं युगांडात जिन टाकला. “चलतो का किसन?” असं त्यानं विचारलं, बाबा “हाव” म्हणाले, आणि गेले. मी तेव्हा पाच वर्षांची असेन. तीन वर्षांत परत येतो म्हणालेले बाबा त्या मुदतीत आलेच नाहीत. तिकडे त्यांनी नोकरी सोडून स्वतःची दुरुस्तीची शेड टाकली, भागीदारीत एक जुनी मोटारलॉरी घेतली. पुढं कापसाचा भाव बसला, जिन बंद पडले, आणि भागीदार एका सकाळी लॉरीसकट नाहीसा झाला. कागदांवर सह्या मात्र सगळ्या एकट्या बाबांच्या होत्या. माणूस यंत्रातला हुशार असला म्हणजे कागदातला हुशार असतोच असं नाही, हे मला पुढं नोकरीत शिक्षणखात्यातले कितीतरी साहेब पाहून उलट बाजूनंही पटलं.

त्या काळचं आमचं घर आठवायला मला डोळे मिटावे लागत नाहीत, नुसता कान द्यावा लागतो. पहाटे मोटेचं चाक कुरकुरायचं आणि नामदेवदादा बैलांना शिव्या आणि गाणं एकाच चालीत द्यायचा. घरात मायच्या भाकरी थापण्याचा आवाज. माय थापायची आणि मोठी माय भाजायची, अशी वाटणी होती. दोघींचा हात असा बसलेला की एकीनं परात पुढं सरकवली की दुसरी न बघता भाकर उचलायची. चूल एकच होती, मोठ्या मायची, आणि तिच्यावर सगळं व्हायचं: अंबाडीची भाजी, तुरीच्या डाळीचे फुणके, निखाऱ्यात भाजलेल्या वांग्याचं भरीत, उन्हाळ्यात ज्वारीच्या कण्या. मोठी माय तोंडानं तिखट होती. मला “बॅरिस्टरीन” म्हणायची, कारण मी शाळेत जायचे. पण भरीत केलं की वांग्याचा मऊ मधला भाग ती मलाच द्यायची, स्वतःच्या नामदेवला नाही. हे आधीच लिहून ठेवते, कारण पुढं जे लिहायचं आहे त्यात ती कोणाला वाईट वाटेल आणि ती वाईट नव्हती.

बाबांची पत्रं नंतर लवकर लवकर यायला लागली. त्यांची शेड कोर्टानं ताब्यात घेतली, भांडीकुंडी लिलावात गेली. अंगावरचे कपडे, अंथरूण आणि हातातली हत्यारं तेवढी कायद्यानं सोडली. त्याच हत्यारांवर ते दुसऱ्याच्या शेडमध्ये मजुरी करत होते आणि मजुरीतला काही भाग कोर्टात भरत होते. त्यांचं नाव कागदावर छापून बाजारात दारोदार चिकटवलं होतं. “माझे नाव छापलेले मी प्रथमच पाहिले,” असं त्यांनी लिहिलं होतं. ही थट्टा होती की काय होतं ते मला कळलं नाही, आजही कळत नाही. महत्त्वाचं पुढंच होतं: कोर्ट त्यांना मोकळं करीपर्यंत त्यांना तो देश सोडता येत नव्हता. आणि मोकळं करण्याआधी तिथला साहेब एक गोष्ट विचारत होता. तुझ्या मुलखात तुझ्या नावची जमीनजुमला काय आहे? खरं सांगायचं तर अर्धा मळा बाबांचा होता. तसं सांगितलं तर तो विकून तिथल्या लोकांची देणी फेडली जाणार. नाही म्हणावं तर काय म्हणावं? “दादा सांगतील तसे करतो,” असं लिहून बाबांनी पत्र संपवलं होतं.

मोठे बाबा बुलढाण्याला एका अर्जनवीसाकडे जाऊन आले. कचेरीबाहेर झाडाखाली बसून तो लोकांचे अर्ज लिहून द्यायचा आणि त्याला सगळा कायदा पाठ आहे अशी त्याची ख्याती होती. आल्यावर त्यांनी मला दऊत-टाक घेऊन बसवलं. “लिही,” म्हणाले. “आपली वाटनी तू आफ्रिकेले जायाच्या आंधीच झाली. तुह्या हिश्श्याचा तू नगद पैसा घेतला, त्याच्यातूनच जहाजाचं भाडं देल्लं. आता मळ्यात तुहं काई नाई. असंच सांगजो.” मी ते शुद्ध भाषेत करून लिहिलं. ‘वाटणी’मधला ण नीट काढला. माय आतून ऐकत होती. ती बाहेर येऊन एवढंच म्हणाली, “भाऊजी, पन झाली नाई ना वाटनी?” मोठे बाबा म्हणाले, “झाली कुठं? सांगाची हाये फक्त. मळा गेला तं आपुन समदे काय खाऊ? अन् किसनाबी तिथंच सडीन.” त्यांच्या बोलण्यात लबाडी नव्हती. त्यांना भाऊ परत हवा होता आणि मळाही राहायला हवा होता. दोन्ही हवं असणं काही गुन्हा नाही. मी पत्र वाचून दाखवलं, पाकीट चिकटवलं आणि बाहेर जाऊन चिंचा वेचत बसले.

लोक विचारतात, तेव्हा तुम्हाला काय वाटलं? मला काही वाटलं नाही. हे लिहायला बरं वाटत नाही, पण खोटं लिहून या वयात काय मिळवायचं आहे. वर्गातल्या मुली “गोदीच्या बापाचं दिवाळं” म्हणून कुजबुजायच्या, तेही मला दुसऱ्या कोणाबद्दल चाललंय असंच वाटायचं. पाय मुडपून फार वेळ बसलं की पाय आपला राहत नाही, तशी मी ते दीडदोन वर्षं होते. माझ्या आठवणीत ती वर्षं आवाजांची आणि भाज्यांची आहेत, रडण्याची नाहीत. मायसुद्धा रडलेली मला आठवत नाही. ती फक्त कपाळावरचं कुंकू पूर्वीपेक्षा मोठं लावायला लागली.

बाबांनी तिकडे शपथेवर ते सांगितलं. पण तिथला साहेब कच्च्या गुरूचा चेला नव्हता. त्यानं खरंखोटं करायला इकडे लिहिलं. ते टपाल नागपूरला आलं, तिथून अमरावतीला, तिथून बुलढाण्याला. आमचं वऱ्हाड तेव्हा कागदोपत्री निजामाचं, कारभार इंग्रजांचा आणि जोडलेलं मध्यप्रांताला, त्यामुळे कुठल्याही टपालाला फिरायला जागा भरपूर होती. मधे कितीतरी महिने गेले आणि आम्ही विसरत चाललो होतो, तेव्हा कोतवाल सांगत आला की परवा चौकशीचे कारकून येणार आहेत. त्याच्याकडूनच मोठ्या बाबांनी काढून घेतलं की कारकून पाहणार काय. वाटणी झाली म्हणता, तर कागद कुठं आहे? कागद नाही म्हणता, तर चूल वेगळी आहे का? आमच्याकडे भाऊ वेगळे झाले हे सांगायला दस्तऐवज लागत नव्हता. चूल वेगळी म्हणजे घर वेगळं.

मग एक दिवस आमच्या घरात नाटकाची तयारी चालावी तशी धांदल उडाली. गोठ्याच्या अलीकडच्या पडवीत माय आणि मोठी माय दोघींनी मिळून चूल घातली. माती मोठ्या मायनं मळली, कारण तिच्या हातची चूल तडकत नाही. ओली चूल दिवसभर गोवऱ्यांच्या जाळानं वाळवली. मग ती जुनी दिसावी म्हणून तिच्या अंगाला काजळी फासली, राख भरली, भिंत धुरानं काळी केली. मोठ्या मायनं आपली पोचे पडलेली पातेली, एक तुटक्या कानाची कढई, एक तवा इकडे आणून मांडला. “घे, जाऊबाई, तुहा संसार,” असं म्हणून ती इतकी हसली की तिला ठसका लागला. मायपण हसली. त्या दोघी इतक्या मोकळ्या हसलेल्या मी त्यानंतर पाहिल्या नाहीत. मला काय सांगायचं ते पढवलं गेलं, कारण घरातल्या पोरांना विचारतात असं अर्जनवीस म्हणाला होता. मला पाठांतराचं भय नव्हतंच.

कारकून यायच्या दिवशी सकाळी मी पडवीत गेले तर दूध करपल्याचा वास. माय चुलीपुढं बसली होती. चुलीच्या कपाळाला हळदकुंकवाची ताजी बोटं ओढलेली, आणि पातेल्यातलं दूध उतू जाऊन चुलीच्या पुढच्या अंगावरून पांढरा ओघळ खाली आलेला. काल फासलेल्या काजळीवर तो ओघळ कसा दिसत होता ते सांगायला नको. नवी चूल पेटवताना दूध उतू घालतात, पूजा करतात. आमच्या मुलखात हे आंधळ्यालाही ठाऊक. मोठी माय आली आणि तिनं कपाळावर हात मारून घेतला. “काय केलं व हे तुनं? दाखवाची होती ना चूल?” मायनं मान वर केली नाही. “चूल ते चूलच,” ती म्हणाली. “मानूस तिकडं परदेशात हाये. पूजा न करता कशी पेटवू बाप्पा?” मोठ्या मायनं ओल्या फडक्यानं पुसायला घेतलं, तर काजळी आणि दूध मिळून आणखीच रांगोळी झाली. तेवढ्यात अंगणात मोठ्या बाबांचा “या, रावसाहेब” असा आवाज आला.

कारकून वयस्क होते. छत्री, काळी टोपी, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. त्यांनी मळा पाहिला, विहीर पाहिली, मोठ्या चुलीपाशी डोकावले आणि मग पडवीत आले. वाकून त्यांनी आमच्या चुलीकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग नाक जरा वर केलं आणि म्हणाले, “दूध उतू गेलं वाटते.” मोठ्या बाबांनी घाईनं खाट पुढं ओढली. कारकून खाटेवर बसले, कागद मांडीवर घेतला आणि मला बोलावलं.

“शाळेत जातं का पोरी?”

“हाव.”

“मंग मले सांग. हे चूल कवाची?”

“बाबा आफ्रिकेले गेले त्याच्या आंधीची.”

“अन् तुमी मायलेकी जेवता कुठं?”

“इथंच.”

“तिकडं, मोठ्या चुलीवर?”

“नाई. आमी येगळे जेवतो.”

मी हे सगळं त्यांच्या डोळ्यात बघून सांगितलं. त्यांनी एकदा त्या ओघळाकडे पाहिलं, एकदा मायच्या कपाळाकडे, आणि टाक दऊतीत बुडवला. “लेकरू खोटं कायले बोलीन,” असं ते सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले आणि लिहायला लागले. मला वाटतं त्यांना सगळं कळलं होतं. त्यांच्या घरीही कोणी तरी नवी चूल घातली असेलच की. जाताना छत्री उघडता उघडता ते मोठ्या बाबांना म्हणाले, “रिपोर्ट एका खेपेत जात नसते. मी पुन्यांदा येईन, अन् सांगून येनार नाई. तवर हे चूल इझू देऊ नोका.”

तर ती चूल विझू द्यायची नाही असं ठरलं. कारकून केव्हाही येतील म्हणून रोज दोन्ही वेळा पडवीतून धूर निघायला हवा. पहिले काही दिवस गंमतच होती. मोठी माय पदराआड वाटी लपवून आणायची, “तुमच्या गावाले पाठवलं हो,” म्हणायची. माय इकडून ठेचा पाठवायची. पण दोन्हीकडे पूर्ण स्वयंपाक होतो, तेव्हा वाटी पाठवायचं कारण हळूहळू राहत नाही. भाकरी थापायला आणि भाजायला आता माय एकटीच होती. पहिल्यांदा तिच्या भाकरी जळायच्या, मग जळेनाशा झाल्या. पिठासाठी रोज तिकडे हात पसरावा लागतो हे बरं दिसेना म्हणून मोठ्या बाबांनी ज्वारीचं एक पोतं आमच्या पडवीत आणून टाकलं. चांगल्या मनानंच टाकलं. ते संपलं तेव्हा मोठी माय म्हणाली, “तुमची ज्वारी लय लवकर सरली व यंदा.” तुमची. मी ते ऐकलं आणि ऐकून सोडून दिलं. मायनं सोडलं नसावं, कारण त्या दिवसापासून ती दुसऱ्यांच्या शेतात निंदणीला जायला लागली. पोळ्याला दोन्हीकडे वेगवेगळं पुरण शिजलं. भरीत केलं की वांग्याचा मधला भाग आता कोण खातं, ते मला दिसत नव्हतं.

भांडण झालं असतं तर बरं झालं असतं असं मला हल्ली वाटतं. भांडण मिटवता येतं. सून विचारते, “आई, नेमकं झालं काय होतं?” तिला काय सांगू? काहीच झालं नव्हतं. एका चुलीच्या दोन झाल्या, आणि बाकीचं आपोआप झालं. कारकून पुन्हा एकदा आले, भर दुपारी. तेव्हा त्यांना काही दाखवावं लागलं नाही. माय चुलीवर कण्या घाटत होती, पडवी खरोखरीची काळी झाली होती. ते पाणी प्यायले, चुलीकडे पाहिलं आणि काही न विचारता गेले. त्या वेळी ते जरा खिन्न दिसले, पण हे मी आता माझ्या मनचं घालत असेन.

बाबांना कोर्टानं मोकळं केल्याचं पत्र मीच वाचलं. आणि मग एका दुपारी, मलकापूरहून बुलढाण्यापर्यंत मोटारीनं आणि पुढं पायी असे ते आले. हातात हत्यारांची पेटी, दुसरं काही नाही. त्यांचे केस पिकले होते आणि बोलणं हळू झालं होतं. एकेक शब्द तपासून बाहेर सोडल्यासारखे बोलायचे. मला ओळखायला त्यांना क्षणभर लागला. मी पाया पडले. वंगणाचा वास आला. मला भरून येईल असं मला वाटलं होतं. तसं काही झालं नाही.

मोठ्या बाबांनी घर डोक्यावर घेतलं. भाऊ आला म्हणून गावभर सांगून आले. मोठ्या मायनं गहू काढले, पुरण शिजवलं आणि मांडे करायचे ठरवलं. मांडे एकटीचं काम नाही. पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर, कोपरापर्यंत फिरवत फिरवत पातळ करायचा आणि पालथ्या खापरावर टाकायचा. आमच्या घरी तो मायच्या हातावर वाढायचा आणि खापरावरचा उलटायची मोठी माय. मोठी माय स्वतः पडवीत आली, मायचा हात धरला, “चाल, तुह्याबिगर मांडे होतात का?” म्हणाली आणि तिला घेऊन गेली. कितीतरी महिन्यांनी दोघी मोठ्या चुलीपाशी समोरासमोर बसल्या. मी आणि बाबा ओसरीवर होतो. गुळाचा आणि वेलदोड्याचा वास घरभर झाला होता आणि माझ्या पोटात कावळे ओरडत होते. मोठे बाबा पहार घेऊन आले.

“किसना, लय झालं नाटक. ते चूल आत्ता मोडतो. आजपासून समदे एकाच ताटात.”

“थांबा, दादा,” बाबा म्हणाले.

मोठे बाबा थांबले. बाबांनी हत्यारांची पेटी पायाशी ओढून घेतली. मग खाली बघत म्हणाले, “तिथं एक शिंपी होता. सुरतेकडचा. मले लॉरीसाठी त्यानं बायकोच्या बांगड्या मोडून पैसे देल्ले होते. कोर्टात तो पयल्या बाकावर बसला होता. साहेबानं मले इचारलं, तुह्या मुलखात तुही जमीन हाये का? मी देवाची शपथ घेऊन म्हटलं, नाई. तो शिंपी उठला अन् निंघून गेला. मले काई बोललाबी नाई. आता इथं अर्ध्या मळ्याचा धनी होऊन मांडे खाऊ का, दादा?”

“अरे, ते दाखवाले होतं,” मोठे बाबा म्हणाले. त्यांचा आवाज रडवेला झाला. “तिथलं तिथं ऱ्हायलं. कोन पाह्यते इथं? वाटनी झाली होती का आपली? सांग ना.”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. “गोदे, कारकुनाले तू काय सांगितलं?”

“आमी येगळे जेवतो म्हून.”

“खरं सांगितलं का खोटं?”

आत दोघी ऐकत होत्या. दारातून दिसत होतं, मायच्या दोन्ही हातांवर मांडा पसरलेला, आणि मोठी माय उलथनं धरून माझ्याकडे बघत. मी ‘खोटं’ एवढंच म्हणून थांबले असते तर चालण्यासारखं होतं. पढवलेलं नव्हतं काही या वेळी, म्हणून जे होतं ते बोलले.

“तवा खोटं होतं,” मी म्हटलं.

“अन् आता?”

“आता खरं हाये.”

मोठ्या बाबांनी पहार भिंतीला लावून ठेवली. मोठी माय म्हणाली, “पोट्टी काईबी बोलते,” पण ते तिनं इतकं हळू म्हटलं की त्यात दम नव्हता, आणि मग ती खापराकडे बघत बसली. मायच्या हातावरचा मांडा स्वतःच्या वजनानं खाली खाली यायला लागला होता. तिनं तो खापरावर टाकला. मग दुसरा गोळा घेतला. तिनं सगळी कणीक संपवली, एकही मांडा फाटू दिला नाही. हात धुतले, मोठ्या मायच्या पाया पडली आणि पडवीत येऊन चूल पेटवली.

मळ्यातला हिस्सा सोडून त्याच आठवड्यात आम्ही खामगावला गेलो. बाबा पुन्हा जिनात लागले आणि कितीतरी वर्षं सुरतेकडे मनिऑर्डरी पाठवत राहिले. मळा आज नामदेवदादाच्या नातवांकडे आहे. भेटले की मला आत्या म्हणतात, वांगी देतात. मोठी माय गेली तेव्हा मी परीक्षेच्या कामात होते, जाऊ शकले नाही. जाऊ शकले नाही असं मी सगळ्यांना सांगते. खरं म्हणजे तिच्यासमोर, मेलेल्या का होईना, उभं राहायची माझी छाती झाली नाही. बाबा शपथेला जागले असं नात्यातले लोक अजून सांगतात आणि मी मान डोलावते. पण त्या दुपारी मला त्यांचा अभिमानबिभिमान काही वाटला नव्हता. मला मांडे हवे होते. तो वास पडवीपर्यंत येत होता, आणि दोन वर्षांत पहिल्यांदाच मला इतकं स्पष्ट काही हवं होतं की डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

माय भाकरी थापत होती. बाबा भिंतीला टेकून चुलीकडे बघत बसले होते. मायनं माझ्या ताटात अंबाडीची भाजी वाढली, वर भाकर ठेवली. मी हात लावेना तसं तिनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता.

“खाय,” ती म्हणाली. “आता कोनी तपासाले येनार नाई.”

मी जेवले.